प्रकाशाच्या घाटावर आठवलेली समुद्रगाय

मैत्रिणींनो, नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला गेलात, तर केदारेश्वराचं दर्शन घेऊन घडीभर घाटावर बसा. तापी-गोमाईच्या संगमावरच्या या गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. आम्ही बसलो होतो, तेव्हा म्हशी पाण्यात डुंबत होत्या. नुसती नाकं वर. धाकटी म्हणाली, “आई, पाण्याखाली चरणारी गाय असते का गं?”

असते बरं का! ही तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. त्याच समुद्रात, कच्छच्या आखातात, समुद्रगाय राहते. नाव गायीचं, पण नातं हत्तीशी! उथळ तळावरचं समुद्रगवत ती मुळासकट उपटून खाते. मागे पायवाटेसारखा पट्टा उरतो. पण ती काही मासा नव्हे, पिलाला दूध पाजणारी आई. श्वासासाठी दर काही मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. मासेमारीच्या जाळ्यात अडकली, की पाण्यातच जन्मलेला हा जीव बुडून मरतो. पिलूही एका वेळी एकच, तेही काही वर्षांच्या अंतराने. म्हणूनच तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी राखीव क्षेत्र केलं.

एवढ्यात एका म्हशीने फुस्सकन श्वास सोडला. धाकटी हळूच म्हणाली, “हिला जाळं नाही ना गं?”