नॅशव्हिलमधले ते सहा दिवस

सध्या मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे: निटी ग्रिटी डर्ट बँड ऐका! आपल्याकडे इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना ईगल्स पाठ असतात, क्रीडन्स ठाऊक असतात. मीही त्यांच्याच बोटाला धरून कंट्री रॉकच्या मुळाकडे निघाले होते. वाटेत १९७२ चा तीन एलपींचा एक संच लागला, ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’, आणि तिथून पाय निघेचना! इतकं देखणं, इतकं जिवंत, इतकं मोठ्या मनाचं काम रॉकच्या जगात झालं आहे आणि ते आजवर आपल्या कानावर पडलं नव्हतं, या विचाराने मी अजून थक्क आहे.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधली ही पोरं. १९६६ मध्ये बँड जमला. जेफ हॅना, जिमी फॅडन, लेस थॉम्पसन, मग जॉन मॅक्युएन, पुढे जिमी इबॉटसन. गिटार, मँडोलिन, बँजो, हार्मोनिका, वॉशबोर्ड, जे हाताला लागेल ते वाजवणारी. १९७० च्या अल्बममधलं ‘मिस्टर बोजँगल्स’ हे जेरी जेफ वॉकरचं गाणं त्यांनी गायलं आणि ते अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलं. आता सांगा, पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांच्या हाती असं यश लागलं की ती काय करतात? तसंच आणखी एक गाणं करतात. आणि यांनी काय केलं? ज्यांचं ऐकून आपण वाजवायला शिकलो त्या बुजुर्गांकडे गेले आणि विचारलं, आमच्याबरोबर वाजवाल का?

पहिला होकार अर्ल स्क्रग्ज यांचा. बँजो म्हटलं की आज जो लखलखीत, धबधब्यासारखा कोसळणारा आवाज आपल्या कानात उमटतो, तो तीन बोटांनी वाजवण्याच्या त्यांच्या शैलीतून घडलेला आहे. त्यांच्या घरातली मुलं या बँडची चाहती होती. १९७१ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डर गावी मॅक्युएनने त्यांना विचारलं आणि ते आनंदाने तयार झाले. त्याच गावात थोड्याच दिवसांनी गिटारवादक डॉक वॉटसन यांनीही होकार दिला. मग एकेक नाव जोडत गेलं, आणि नावं तरी कोणती! मदर मेबेल कार्टर, रॉय एकफ, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, फिडलवर व्हॅसार क्लेमेंट्स, डोब्रो गिटारवर ऑस्वाल्ड कर्बी, उभ्या बेसवर ज्युनियर हस्की. कंट्रीच्या ब्लूग्रास या शाखेचे जनक बिल मन्रो यांनी मात्र नकार दिला.

तो काळ लक्षात घ्या. व्हिएतनामचं युद्ध चाललेलं, घराघरांत बाप-लेकांची तोंडं दोन दिशांना. लांब केस हे तेव्हा राजकीय मत समजलं जाई, आणि नॅशव्हिल हा कंट्री संगीताच्या परंपरेचा गड. तिथे हे केसाळ कॅलिफोर्नियावाले येऊन थडकले! रॉय एकफ यांना शंका होती आणि त्यांनी ती लपवली नाही. ते स्टुडिओत आले, तोवर झालेलं ध्वनिमुद्रण ऐकलं, हे अस्सल कंट्रीच आहे असा निर्वाळा दिला आणि गायला उभे राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस आणि आवाज असा खणखणीत की भिंतीला टेकून ऐकावा!

आता रेकॉर्डिंगची पद्धत बघा, कारण सगळी जादू तिथे आहे. ऑगस्ट १९७१, वुडलंड स्टुडिओ, सहा दिवस. जॉनचा भाऊ बिल मॅक्युएन निर्माता. त्या काळात रॉकवाले एकेक वाद्य वेगळं मुद्रित करून नंतर महिनोन्‌महिने जुळवत बसत. इथे सगळे एकाच खोलीत बसले, आवाज थेट दोन ट्रॅकवर उतरला, मागाहून काहीही चिकटवलं नाही. बहुतेक गाणी पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये झाली. एकफ तर टेपवरच बजावतात की पहिल्यांदाच नीट करा, कारण पुन्हापुन्हा केलं की दरवेळी काहीतरी निसटतं. आणि बिलने टेप चालूच ठेवली! त्यामुळे गाण्यांच्या मधली बोलणी, सूर लावणं, सुरुवात कुठून करायची याची चर्चा, हशा, सगळं रेकॉर्डवर आहे. घरगुती बैठकीत गवयाच्या गुडघ्याशी जागा मिळावी, तसं वाटतं.

या बोलण्यातला एक तुकडा मी किती वेळा ऐकला असेन! डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस. डॉक तान्हेपणीच दृष्टी गेलेले, नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपचे. मर्ल केंटकीच्या कोळसाखाणींच्या मुलखातले. अंगठ्याने खर्जाचा ठेका धरायचा आणि त्याच वेळी तर्जनीने सुरावट काढायची, ही गिटारची शैली आजही ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणून ओळखली जाते. डॉकनी त्यांचं वाजवणं इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं. आणि इतकी वर्षं दोघांची गाठच पडली नव्हती! ती या स्टुडिओत पडली, टेप चालू असताना. डॉक सांगतात, मुलाला तुमचं नाव दिलं, म्हटलं तुमच्या बोटांतलं थोडं त्याच्यात उतरेल. ऐकताना अंगावर काटा येतो. त्यानंतर मर्लचं ‘डार्क अ‍ॅज अ डन्जन’ ऐका, खाणकामगारांचं गाणं, खाणीतला सगळा अंधार उभा केलेला.

मेबेल कार्टर तर या सगळ्यांच्या आधीच्या. १९२७ मध्ये ब्रिस्टलला कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं त्यात त्या होत्या. अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारा छेडत ताल धरायचा, ही त्यांची रीत गिटार वाजवणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी उचलली. बासष्टाव्या वर्षी त्या या पोरांमध्ये बसून गातात, आवाजात कसलाही आव नाही. शीर्षकगीताचं एक कडवं त्या गातात, एक जिमी मार्टिन, एक एकफ, आणि धृपदाला सगळी खोली एकदम उठते. ती उसळी ऐकून बघा आणि मग शांत बसून दाखवा!

आणि बँड कुठे आहे? मला सर्वात भारावून टाकतं ते हेच. बँड बहुतेक वेळा मागे आहे. मुखपृष्ठावर आपलं नाव असताना ही पोरं पाहुण्यांना पुढे बसवतात, स्वतः साथीला राहतात आणि ती साथ इतकी नेमकी की कुठेच आब ढळत नाही. प्रसिद्धीच्या ऐन भरात दुसऱ्यासाठी जागा करून देणं ही फार मोठी कला आहे, आणि ती त्यांना विशीत साधली होती. व्हॅसार क्लेमेंट्सचं नाव रॉकच्या श्रोत्यांपर्यंत या रेकॉर्डमुळे पोचलं. ज्युनियर हस्की या ध्वनिमुद्रणानंतर काही आठवड्यांतच गेले. त्यांचा भक्कम बेस इथे कायमचा राहिला.

शेवटचा तुकडा तर कमाल! तीन एलपीभर बुजुर्ग ऐकल्यावर अर्ल यांचा अठरा वर्षांचा मुलगा रँडी एकटा गिटार घेतो आणि जोनी मिचेलचं ‘बोथ साइड्स नाऊ’ वाजवतो. म्हाताऱ्यांची गाणी पोरांनी वाजवली, आता नव्या जमान्याचं गाणं जुन्या घराण्यातला पोरगा वाजवतोय. याहून सुंदर समारोप मला तरी सुचत नाही.

१९८९ मध्ये या बँडने दुसरा खंड काढला आणि त्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. पहिला संच २००५ च्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेला.

तेव्हा माझी एकच विनंती. फोनवर फुटकळ गाणी ऐकू नका, पूर्ण संच पहिल्यापासून क्रमाने लावा. मधली बोलणी अजिबात पुढे ढकलू नका. आणि घरात गिटार शिकणारं कुणी असेल, तर त्याला आधी शेजारी बसवा!