जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण

कोकणात घर स्वस्त मिळते असे सांगणारा मनुष्य बहुधा खरेच सांगत असतो. त्या घराला मालक किती आहेत, एवढे मात्र तो शिताफीने गाळतो. सेवानिवृत्तीनंतर पुण्यातील भाड्याची जागा सोडून एखाद्या लहान गावी, अंगण आणि चार झाडे असलेल्या घरात राहावे, ही आम्हा उभयतांची जुनी इच्छा होती. आणि संगमेश्वर तालुक्याचे ठाणे असलेल्या देवरुखला, एका जुन्या आळीत, जांभ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे, मागे 26 गुंठे जमीन असलेले एक घर, पुण्याच्या उपनगरात एका खोलीची सदनिकाही येणार नाही एवढ्या रकमेत विकाऊ आहे असे कानी आले, तेव्हा संगमेश्वर रोड स्थानकावर उतरेपर्यंत आम्ही मनाने तेथे राहावयास गेलोही होतो.

घर पाहताक्षणीच मनात भरले. ओटी, पडवी, अंधारे आणि म्हणूनच थंड असे माजघर, त्यावर लहानशी माडी, परसात दोन फणस, रातांब्यांची झाडे, आणि गडग्याला लागून एक विहीर. वाशांना वाळवी लागली होती, न्हाणीघराची एक भिंत बाहेर झुकली होती. पण ज्याला हे दोष दुरुस्तीच्या खर्चाचे वाटतात त्याने कोकणातील घराचे कागद अद्याप पाहिलेले नसतात.

घराखालची जागा गावठाणात होती, तिला मिळकत पत्रिका होती. मागची जमीन सर्व्हे नंबरातील, तिला सातबारा. मध्यस्थाने प्रथम मोठ्या विश्वासाने घरपट्टीच्या पावत्यांचा जुडगा पुढे केला, आणि घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा असतो, मालकीचा नव्हे, हे त्याला समजावून देण्यात एक दुपार गेली. शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्याच्या 63व्या कलमान्वये घेणारा शेतकरी असावा लागतो. सुदैवाने वाई तालुक्यात वडिलोपार्जित एकरभर जिराईत जमिनीवर वारसाने माझे नाव लागलेले होते. ज्या जमिनीने आयुष्यात मला ज्वारीचे एक पोते दिले नाही, तिने उतारवयात शेतकरी असल्याचा दाखला मिळवून दिला.

खरी गंमत सातबाऱ्यात होती. तेथे एकच नाव होते, आणि ते पाहून मी हर्षित झालो. परंतु माझे वकील त्या नावापुढील ‘ए. कु. मॅ.’ या तीन अक्षरांवर बोट ठेवून स्वस्थ बसले. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे 30-40 वर्षांपूर्वी दिवंगत झालेले ते गृहस्थ सर्व भावांच्या वतीने केवळ नावाला तेथे उभे होते, आणि त्यांच्यामागे भाऊ, भावांची मुले, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 सालच्या दुरुस्तीने मुलांच्या बरोबरीला आलेल्या मुली, अशी अख्खी वंशावळ अदृश्यपणे उभी होती. जुने फेरफार काढून वकिलांनी ती वंशावळ कागदावर मांडली, तेव्हा डोंबिवलीपासून मस्कतपर्यंत पसरलेले अकरा हिस्सेदार निघाले. मस्कतच्या चिरंजीवांनी वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवले, दोघांनी आपसांत हक्कसोडपत्रे केली. पैशाविषयी तक्रार अशी कोणाचीच नव्हती, कारण अकरांत वाटल्यावर प्रत्येकाच्या हाती पडणारी रक्कम भांडण करण्याजोगी उरतच नव्हती.

अडले ते गिरगावात राहणाऱ्या या घराच्या माहेरवाशिणीपाशी. ऐंशी ओलांडलेल्या त्या आजींनी खरेदीखताचा मसुदा भिंग लावून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला, आणि म्हणाल्या, “सगळं लिहिलंत हो, पण गणपती कुठे बसायचा ते कुठे आहे?” मी निरुत्तर झालो. चाकरमानी भाऊ वर्षभर कोठेही असोत, भाद्रपदात मूर्ती याच ओटीवर बसत आलेली, आणि ही अट कोणत्याही दस्तऐवजात मावणारी नव्हती. अखेर ठरले ते असे, की पहिल्या वर्षी गणपती तेथेच बसावा आणि पुढे आळीतल्याच चुलत घरी न्यावा. त्या शब्दावर त्यांनी अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही केली. त्या वर्षी विकणारे सगळे ओटीवर आणि पडवीत पथाऱ्या पसरून होते, आणि विकत घेणारे आम्ही दोघे पाहुण्यांसारखे माडीवर.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीतील दिवसाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. मुद्रांक शुल्क किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतील जे अधिक असेल त्यावर लागते. नोंदणी शुल्क शेकडा एक, तेही 30,000 रुपयांच्या मर्यादेत. अंगठे, छायाचित्रे, साक्षीदार, आणि मग चतुःसीमा वाचून झाल्यावर लेखनिकाने एका दमात म्हटलेले ते वाक्य, की सदर मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह लिहून दिली आहे. निधी म्हणाल तर पुढे माजघराची जमीन उकरताना एक फुटके उखळ तेवढे निघाले.

फेरफाराची नोंद होऊन हरकतीचे पंधरा दिवस निर्वेध गेले, आणि मगच मी तो दस्त सावकाशपणे वाचावयास घेतला. ‘जल’ या सदराखाली, सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा, असे स्वच्छ लिहिलेले होते. उरलेले बारा आणे गडग्यापलीकडील तीन घरांचे, आणि त्यांपैकी दोन घरे शिमगा-गणपती सोडून बंद.

या प्रदेशात पावसाळ्यात अंगणातून ओढा वाहतो आणि एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसू लागतो. पहिल्याच उन्हाळ्यात गाळ काढण्याचे ठरले, तेव्हा शेजारचे गृहस्थ वही घेऊन आले आणि खर्चाची वाटणी त्यांनी आण्यांतच केली. रुपये माझ्या वाट्याला आले, पैसे झाले नाहीत, परंतु आणे चारच राहिले. पंपाचा प्रश्न त्यांनीच काढला. बंद घरांच्या विजेचा भरवसा नाही, सबब पंप बारमाही वस्तीच्या घराच्या मीटरवर असावा, आणि बारमाही वस्तीचे घर आता आमचे. सौभाग्यवतींनी चहा पुढे ठेवत विचारले, की वीज सोळा आणे आमची आणि पाणी चार आणे, हा हिशेब कसा? गृहस्थांनी वहीचे पान उलटले, थोडा वेळ विचार केला, आणि विजेचे बिल दरमहा कोणी किती द्यावयाचे याचा नवा तक्ता आखावयास घेतला. मुंबईच्या दोन्ही घरांना त्याची नक्कल टपालाने गेली आहे. एकाचे उत्तर आले. दुसरे येईपर्यंत बिल आम्ही भरतो.