चार चाकांची फटफटी

आगाशी हे गाव समुद्राकडे तोंड आणि डोंगराकडे पाठ करून बसलेले आहे. पश्चिमेला अर्नाळ्याचा किनारा आणि पाण्यातला किल्ला, गावात भवानीशंकराचे देऊळ आणि जैनांचे मोठे तीर्थ, आणि उरलेल्या जागेत नारळी, पोफळी, केळी. पाठीमागे मात्र, विरारच्या इमारतींच्या डोक्यावरून, तुंगारचा डोंगर उभा असतो. दोन हजार फुटांहून उंच असलेला हा डोंगर भर समुद्रातूनही ओळखू येतो. आगाशीकर त्याच्याकडे फारसे पाहत नाही. पण मे महिन्यात त्याच्या माथ्यावर ढग बसला, की वाळत घातलेली सुकेळी मुकाट्याने आत घेतो.

माझे मामा ह्याच आगाशीकरांतले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही संपावर गेलेले. तरुणपणी महाशिवरात्रीला ते आणि त्यांचे सोबती मध्यरात्री आगाशीहून पायी निघत आणि उजाडताना तुंगारेश्वराच्या देवळात हजर होत. आता घरातून विहिरीपर्यंत जायचे म्हणजे वाटेत एकदा पोफळीला टेकावे लागते. आणि त्या विहिरीपायीच सारी कथा आहे.

विहीर खारटते आहे. समुद्रकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दुधावर साय असावी तसे. साय जपून काढली तर वर्षभर पुरते; ओरबाडली तर खालचे वर येते. शहर वाढत गेले तशा वसईच्या विहिरी पंपांनी आणि टँकरांनी उपसल्या गेल्या. ह्या उपशाविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले तेच. पण पाण्याला चळवळ कळत नाही. मामांच्या विहिरीचे पाणी अलीकडे एप्रिलमध्येच जिभेला कळू लागले आहे, आणि राजेळी केळ ही मोठी मानी जात. खारे पाणी मिळाले की पानांच्या कडा करपवून निषेध नोंदवते. राजेळी गेली की सुकेळी गेली. मामांच्या मुलाने म्हणूनच विचारले होते, की निम्मी वाडी द्यायची का? मागणारा दारात उभा आहे. मामांनी उत्तर दिले नव्हते. "एकदा तुंगार बघून येतो, मग बोलू," एवढेच ते म्हणाले. विहिरीचे पाणी तुंगारातून जमिनीखालून येते अशी त्यांची पक्की समजूत. भूगर्भशास्त्र त्यांच्या बाजूने नाही, पण अशा वेळी मी शास्त्राचा पक्ष घेत नाही.

ह्या अवघड घडीला त्यांचा नातू एक रंगीत पत्रक घेऊन आला. त्यावर लाल-निळा मकाव पोपट, जो अमेरिका खंडांबाहेर रानात कुठेच नाही, आणि खाली अक्षरे : 'रेनफॉरेस्ट क्वाड बाइक टूर, गाईडसह'. ठिकाण म्हणाल तर शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे जाताना, तुंगारच्या उत्तर पायथ्याशी असलेली एक खाजगी जमीन.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्द आधी टोचतात. रेनफॉरेस्ट म्हणजे वर्षावन. तिथे बारा महिने पाऊस हवा, निदान कोरडा काळ थोडका हवा. आमच्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने तो फिरकत नाही. म्हणून तुंगारचे रान पानझडीचे : साग, ऐन, धावडा, खैर, कळंब. फक्त खोल घळींतून, जिथे ओल टिकते तिथे, सदाहरित झाडे तग धरून असतात. आमचे वर्षावन म्हणजे चार महिन्यांच्या करारावरचे! खरे तर त्या पत्रकावाल्याने आगाशीची एखादी जुनी वाडी पाहायला हवी होती. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीच्या खोडावर चढलेला पानवेल किंवा मिरवेल, मधल्या सावलीत केळ, जमिनीलगत हळद आणि अळू. वर्षावनात झाडांचे जे मजले असतात म्हणून भूगोलात शिकवतात, ते आमच्या लोकांनी राहाटाच्या पाण्यावर हाताने उभारले.

"शब्द राहू दे गं," मामा म्हणाले. "मला बसवून नेतील का, तेवढे विचार."

नेणार होते. दोघांना बसण्यासाठी बनवलेले एक यंत्र होते आणि ते गाईड स्वतः चालवणार होता.

भाद्रपद संपता संपता एका सकाळी आम्ही तिघे पोचलो. हे यंत्र मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. रेड्याच्या अंगलटीची एक मोटरसायकल, तिला चार फुगीर चाके. मूळ अवतार तीन चाकांचा. होंडा कंपनीने तो १९७० साली बाजारात आणला. तीन चाकांवरची माणसे कलंडू लागली, तेव्हा १९८२ मध्ये सुझुकीने चौथे चाक जोडले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तीन चाकांच्या नव्या गाड्यांची विक्रीच थांबली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे शेतकरी ह्यावर बसून मेंढरे वळतात. टायरांत हवा अगदी कमी, त्यामुळे ते चिखलात रुतण्याऐवजी पसरतात. वेग वाढवायचा तो मूठ पिळून नव्हे, तर उजव्या अंगठ्याने एक खटका दाबून. घाबरलेला माणूस हातातले दांडे घट्ट आवळतो, आणि आवळताना अंगठाही दाबला जातो. म्हणजे भीती वाढली की वेग वाढतो. चार चाके आहेत म्हणून हे कलंडत नाही असे समजू नये. उतारावर ते कलंडते, आणि बसणारा खाली सापडतो. हे सारे आम्हांला गाईडने सांगितले, पाठ केलेल्या स्वरात आणि अर्ध्या इंग्रजीत. मुलगा विशी-बाविशीचा, जवळच्याच पाड्यावरचा वारली. अंगात मकाव छापलेला सदरा.

मामांना दोघांनी उचलून मागच्या बैठकीवर ठेवले. डोक्यावर शिरस्त्राण चढल्यावर त्यांचा चेहरा दिसेना; फक्त मिशी दिसत होती, आणि मिशीवरून ते खूश असावेत असे वाटले. मांडीवर एक फडक्यात बांधलेले पुडके होते. सोडायला तयार नव्हते.

पुढे गाईड आणि मामा, मध्ये नातू, शेवटी मी. शेवटचा चिखल खातो हा मिरवणुकीचाही नियम आणि ह्या सफरीचाही. शेताच्या बांधावरून निघालो, एक नाला ओलांडला, मग वाट झाडांत शिरली. पहिल्या अर्ध्या तासात मी काय पाहिले? पुढच्या चाकाचा खड्डा आणि खड्ड्यापुढचा दगड. रान म्हणजे दोन्ही बाजूंनी सरकणारा एक हिरवा पडदा. झाड असे एकही नाही, झाडी आहे. पेट्रोलच्या वासापुढे ओल्या मातीचा वास टिकत नाही, आणि आवाज असा की आमच्या पुढून पाखरे उठून जात असतील तर ती केव्हाच गेलेली असणार. गाईड अधूनमधून हात वर करी. त्याचा अर्थ एवढाच, की हळू. ज्याला ह्या रानाची पानन् पान माहिती, त्याच्याकडून आपण वाहतूक पोलिसाचे काम घेत होतो.

अंगठा सरावला तशी मजाही वाटू लागली, हे लिहायला हरकत नसावी. चढावर यंत्र गुरगुरत वर झेपावते तेव्हा चाळिशीतल्या प्राध्यापिकेलाही ओरडावेसे वाटते. नातू तर ओरडतच होता.

मग एका ओहोळाशी वाट संपली. पलीकडे वनखात्याचा फलक. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले, ८५.७० चौरस किलोमीटरचे. दक्षिणेला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसाचे अभयारण्य, ह्या दोहोंना जोडणारा रानाचा दुवा तोच. बिबट्यांची ये-जा ह्यावरून होते. "इथून पुढे गाडी नाही," गाईड म्हणाला आणि किल्ली फिरवली. नातवाने पलीकडे नेण्याविषयी काहीतरी पुटपुटून पाहिले. गाईडने मान हलवली, आणि मला बरे वाटले. हे यंत्र फलकाच्या अलीकडेच शोभते. उद्या कोणी पलीकडे न्यायची परवानगी मागितली तर ती मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिन्ही यंत्रे गप्प झाली. आधी काहीच ऐकू येईना, कान भरलेले. मग पाणी ऐकू आले. मग घळीतून शीळ आली, लांब आणि बेसूर, शाळा बुडवलेल्या पोराने चालीचा अर्धा तुकडा विसरावा तशी. "कस्तूर," गाईड म्हणाला. "पाऊस सरला की गप्प होतो. शेवटचेच दिवस त्याचे."

आणि तिथून तो मुलगा बदलला. इंग्रजी गेले, पाठांतर गेले. मामांना त्याने ओहोळाकाठच्या खडकावर बसवले आणि तो झाडे सांगू लागला. मी ज्यांना अर्धा तास झाडी म्हणत होते ती. मगरीच्या पाठीसारखी साल तो ऐन. त्याच्या खोडाला कधी फुगवटा येतो, उन्हाळ्यात तो फोडला तर आत पाणी सापडते. हा कुंभा, ह्याच्या सालीच्या काथ्यावर ठिणगी धरतात. हा कुडा, पोट बिघडले तर ह्याची साल. मामांनी मध्येच तोंड घातले : "ऐनाचं लाकूड आमच्याकडे होडीला." मग मामांचा इतिहास सुरू झाला. आगाशीला चारशे-पाचशे वर्षांपूर्वी गलबते बांधीत, हे खरेच आहे. १५३१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी गाव जाळले तेव्हा ते जहाजबांधणीबद्दल नाव मिळवून होते. मामांच्या मते ते सारे लाकूड ह्याच डोंगराचे. गाईडला पोर्तुगीजांत रस दिसला नाही. आगाशी म्हटल्यावर मात्र तो थांबला.

"माझा आजा होता आगाशीला. वाडीत कामाला. राहाटाचा रेडा हाकायचा."

"कोणाच्या वाडीत?"

ते त्याला ठाऊक नव्हते. आजा गेला तेव्हा तो लहान होता. आजा एवढेच सांगे, की रेडा दिवसभर गोल फिरे आणि तो मागून. रात्री झोपेतसुद्धा पाय गोल चालत. मामा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्याही वाडीत राहाट होता, रेडा होता, आणि रानपट्टीतून पावसाळ्यानंतर कामाला येणारी माणसे होती. त्यांतल्या किती जणांची नावे मामांना आठवत होती, हे मी विचारले नाही.

मग मामा वाकले आणि ओंजळीने पाणी प्याले. एकदा, दोनदा. मी पुढे झाले, पण त्यांनी हाताने थोपवले.

"गोड आहे," ते म्हणाले. "हे कुठे जातं?"

"खाली तानसा नदीला," गाईड म्हणाला. "तिकडचं उसगावच्या धरणात. तिथून तुमच्या शहराला."

"आणि आगाशीला?"

"नळानं येत असेल."

जमिनीखालून नव्हे, नळाने! मामा हसले. इतकी वर्षे उराशी धरलेली समजूत अशी एका वाक्यात गेली तर मी चिडले असते. ते पुडके सोडू लागले. आत केळीच्या वाळक्या सोपात घट्ट वळलेली सुकेळी होती, काळपट तांबूस, मधासारखी चिकट. गाईडने एक तोडून खाल्ले, मग दुसरे. हे केळेच का, आणि कुठले, असे विचारले. राजेळी, मामा म्हणाले. सोलून आठवडाभर उन्हात ठेवायचे, रोज संध्याकाळी आत घ्यायचे, ढग आला तर पळायचे. आणखी काही नाही, साखरसुद्धा नाही.

"आमच्याकडे होईल?"

मामांनी त्याची जमीन विचारली. पाड्याशेजारी दहा गुंठे, उताराची, खाली झरा. झरा मे महिन्यात असतो का? असतो, बारीक. गुरे चरतात का? कुंपण घालावे लागेल. वाऱ्याच्या तोंडाला आहे का? हे प्रश्न पंधरा मिनिटे चालले, आणि नातू दोनदा घड्याळ बघून गेला. पत्रकाप्रमाणे वेळ केव्हाच संपली होती. मुनवे कुठल्या आईचे घ्यावेत, तलवारीसारख्या पानांचे की रुंद पानांचे, हे मामा त्याला खडकावर काडीने काढून दाखवत होते. (तलवारीसारख्या पानांचे घ्यावेत. रुंद पानांचे दिसायला गुटगुटीत, पण कामाचे नसतात.)

परतीला गाईडने गाडी इतकी हळू चालवली की मला झाडे दिसली.

घरी मुलाने विषय काढला. मामांनी निम्म्या वाडीबद्दल काही सांगितले नाही. खारटपणा आधी पूर्वेच्या तुकड्यात आला आहे, तिथली राजेळी ह्या वर्षी काढून नारळच लावू, नारळ खारे सोसतो, एवढे बोलले. मागणारा अजून दारात आहेच. नवव्या दिवशी सकाळी तो मुलगा एस. टी. ने आगाशीला आला, मकावाशिवायच्या सदऱ्यात. मामांनी आदल्या संध्याकाळी सहा मुनवे खणून, मुळे साफ करून, गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. तो पैसे देऊ लागला. मामांनी घेतले, पूर्ण घेतले, आणि मोजून खिशात ठेवले. मग त्याला विहिरीवर नेऊन राहाट कुठे होता ती जागा दाखवली.