हे देणे धर्मादाय नव्हे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका जैन घरात सात वर्षांपूर्वी लॅब्राडोर जातीचे एक पिल्लू आले. नव्या हळकुंडाच्या रंगाचे म्हणून नातीने त्याचे नाव हळद्या ठेवले. सकाळी अण्णांच्या मागोमाग दुकानात यायचे, सौदे संपेपर्यंत वजनकाट्याशेजारी पसरायचे आणि दुपारी त्यांच्याबरोबर घरी परतायचे, हा त्याचा शिरस्ता. घरी अण्णांच्या मातोश्री, आक्का, त्याची वाट पाहत. सूर्यास्तापूर्वी त्यांचे जेवण होई आणि तूप लावलेल्या पोळीचा शेवटचा घास त्याच्यासाठी राखलेला असे. सूनबाई दूधभात घालीत, नात बिस्किटे देई, दिवाणजी आपल्या डब्यातले काही काढून ठेवीत. आपण देतो ते थोडेसेच, असे प्रत्येकाला वाटे. या साऱ्या थोड्याथोड्याची बेरीज मात्र कोणी केली नव्हती.

ज्येष्ठात पहिला पाऊस झाला आणि हळद्याची चाल बदलली. ती प्रथम लक्षात आली दुकानातल्या जुन्या हमालाच्या. लहानथोर सारे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "अण्णा, ह्यो मागचा उजवा पाय टेकल्यागत करतोय, पर भार देईना." मामांची नजर चुकणे शक्य नव्हते. तीस वर्षे पाठीवर पोती वाहिल्याने त्यांचाही उजवा गुडघा कामातून गेला होता आणि पायऱ्या उतरताना ते भिंतीला धरून आडवे उतरत. हे सर्वांनी रोज पाहिले होते. त्याविषयी कोणी कधी विचारले नव्हते.

घरगुती उपाय सुरू झाले. आक्कांनी हळद आणि एरंडेल तेलाचा लेप लावला, तो हळद्याने चाटून टाकला. माणसांसाठीची वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यावी, असे एका आप्ताने सुचवले. सुदैवाने नातीने आधी डॉक्टरांना विचारले. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करतात, ती स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत, असे त्यांनी बजावले. त्यांनी दिलेल्या औषधाने आणि विश्रांतीने लंगडणे कमी झाले, पण फिरणे सुरू होताच पुन्हा वाढले. हळद्या बसताना पाय दुमडण्याऐवजी बाजूला टाकू लागला. आषाढ संपेतो त्याची उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसू लागली.

डॉक्टरांनी हलकी भूल देऊन गुडघा तपासला. एका हाताने मांडीचे हाड धरले, दुसऱ्याने नडगीचे, आणि नडगी पुढे ओढली. टेबलाचा खण सरकावा तशी ती सरकली. गुडघ्यात फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा तुटला होता. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाही, परंतु सांध्यातली सूज आणि संधिवाताची सुरुवात दिसली. "उडी मारताना तुटला असेल का?" अण्णांनी विचारले. डॉक्टरांनी मान हलवली. माणसाचा हा अस्थिबंध बहुधा एखाद्या अपघातात तुटतो. कुत्र्याचा मात्र बहुतेक वेळा महिनोन्‌महिने झिजत जातो आणि शेवटचा धागा एखाद्या साध्या पावलानेही तुटतो. जातीचा दोष त्यात असतो, आणि वजनाचाही. त्यांनी हळद्याला काट्यावर उभे केले. वजन ४२ किलो भरले. असायला हवे होते ३४ च्या आसपास.

मग पर्याय समोर आले. साधारण १५ किलोंच्या आतले लहान कुत्रे विश्रांती, वजनघट आणि औषधे यांवर पुष्कळदा सावरते. मोठ्या कुत्र्याचे मात्र तसे सहसा होत नाही. त्याचा सांधा डळमळत राहतो, दोन हाडांमधली कूर्चेची गादी फाटण्याचा धोका असतो आणि संधिवात वाढतो. दुसरा पर्याय सांध्याबाहेरून नायलॉनच्या जाड धाग्याने आधार देण्याचा. तो कमी खर्चाचा. पण वजनदार कुत्र्यात तो धागा सैल पडण्याची भीती अधिक. तिसरा पर्याय हाड कापून त्याचा कोन बदलण्याचा. अमेरिकेतील पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध केली.

हा तिसरा पर्याय समजायला कठीण होता. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. प्रत्येक पावलागणिक मांडीचे हाड त्या उतारावरून घसरू पाहते आणि अस्थिबंध ते दोरीसारखे धरून ठेवतो. शस्त्रक्रियेत तुटलेली दोरी जोडत नाहीत. नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापून फिरवतात आणि पोलादी पट्टी व स्क्रू लावून बसवतात. उतार जवळजवळ सपाट झाला, की दोरीची गरजच उरत नाही. संध्याकाळी अण्णा हे दुकानात सांगत असता मामा चटकन म्हणाले, "म्हणजे गाडीला लावलेली फळी लई तिरकी असली की पोतं घसरतंच. दोर बांधत बसण्यापरीस फळी सपाट करायची." डॉक्टरांनीही याहून सोपे सांगितले नसते.

खर्च पुण्यापर्यंतचा प्रवास, तपासण्या, भूल, पट्टी असा सारा धरून लाखाच्या घरात जाणार होता. घरात दोन दिवस चर्चा चालली. मुंबईहून चुलतभावांनी दूरध्वनीवर सांगितले, "तेवढी रक्कम पांजरापोळाला द्या अण्णा, शंभर जिवांचा चारा होईल." हा विचार हलका नव्हता. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईत दंगा उसळला होता. पारशांच्या पुढाकाराने झालेल्या त्या विरोधात इतर समाजांचे व्यापारीही उतरले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या प्रयत्नांतून मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून मुक्या जिवासाठी वाटा निघावा, ही रीत इतकी जुनी आहे. अण्णांनी भावांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणाले.

खरा अडसर आक्कांचा होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जिवाला बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर पेलणार नाही एवढा भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. दरवर्षी दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी त्यांनी ते ऐकलेले. त्या बोटे मोडीत म्हणाल्या, "हाड कापायचे, म्हणजे छेद. दोन महिने कोंडायचे, म्हणजे बंध. जेवण कमी करायचे, म्हणजे अन्नपाननिरोध. पाचांतले तीन दोष आपण पैसे मोजून करणार का रे?"

अण्णांपाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने नात हळूच म्हणाली, "आज्जी, आठ किलोंचा अतिभार आपण आधीच लादलाय. तो त्याने मागितला नव्हता." त्यावर कोणीच बोलले नाही. आक्कांनी संध्याकाळी ताटातला शेवटचा घास स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भावांना कळवले, की पांजरापोळाला दरवर्षीचे जाते ते जाईलच, पण हा पैसा वेगळा आहे. नागपंचमीनंतरच्या सोमवारी पहाटे गाडी पुण्याकडे निघाली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. घरी पाठवताना शल्यविशारद म्हणाले, "माझे काम दोन तासांचे होते, तुमचे दोन महिन्यांचे आहे." हाड सांधायला साधारण आठ आठवडे लागतात. तोवर धावणे, उडी, जिना आणि गुळगुळीत फरशी, चारही वर्ज्य. सोप्यात प्लायवूडच्या फळ्या लावून सहा फूट बाय चार फुटांची जागा आखली. घरभर चकचकीत टाइल्स होत्या. मामांनी दुकानातली जुनी बारदाने आणली, दाभणाने एकमेकांना शिवली आणि दारापासून अंगणापर्यंत अंथरली. लघवीला नेताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरायची, गळ्यातली शंकूच्या आकाराची पट्टी टाके निघेपर्यंत काढायची नाही, पहिले काही दिवस गुडघ्याला बर्फ लावायचा, अशी कामे वाटून घेतली गेली. टाके बाराव्या दिवशी निघाले. मग दोरीला धरून दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे चालणे सुरू झाले. दर आठवड्याला त्यात थोडी भर. हे काम मामांनी मागून घेतले. त्यांच्या गुडघ्यामुळे त्यांची चाल मंद होती आणि हळद्यालाही नेमकी तीच चाल हवी होती.

आहाराचा प्रश्न घरच्या पद्धतीनेच सुटला. शाकाहारावर कुत्रे राहू शकते, मात्र प्रथिने आणि इतर पोषक द्रव्ये पुरेशी मिळतात की नाही हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाहिले पाहिजे, असे सांगून त्यांनी मोजून देण्याचे शाकाहारी खाद्य ठरवून दिले. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून बनतात, हे नातीने वाचले होते. त्यांचा गुण निःसंशय सिद्ध झालेला नाही, त्या नसल्या तरी काही अडणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. घरात वाटी तराजूवर चढली. दर शनिवारी गोदामाच्या काट्यावर हळद्याचे वजन होई आणि दिवाणजी ते भिंतीवर खडूने लिहीत.

चौथ्या आठवड्यात जे व्हायला नको होते ते झाले. पायाचे दुखणे कमी होताच हळद्या कोंडाळ्यात कुंथू लागला. एके दुपारी घरात कोणी नसता आक्कांना ते ऐकवेना. त्यांनी फळी बाजूला केली. त्याच वेळी फाटकाशी अण्णांची चाहूल लागली आणि हळद्या सोप्याच्या तीन पायऱ्या एका उडीत उतरला. खाली पडताच तो ओरडला आणि त्याने पाय उचलून धरला. आक्का खांबाला टेकून बसल्या. पुन्हा क्ष-किरण चित्र निघेपर्यंतची ती रात्र घरात कोणी झोपले नाही. पट्टी आणि स्क्रू जागेवर होते, ताण फक्त स्नायूंवर आला होता. अण्णा मातोश्रींना एक शब्दही बोलले नाहीत.

दशलक्षण पर्व सुरू झाले. सातव्या दिवशी मंदिरात पंडितजींनी तेच पाच अतिचार उलगडले. ते म्हणाले, बांधणे किंवा छेदणे दोष ठरते ते त्यामागच्या क्रोधाने, लोभाने किंवा बेफिकिरीने. वैद्याची सुरी आणि कसायाची सुरी एकच लोखंड असली तरी दोघांचे भाव एक नसतात. प्रमाद मात्र कोणत्याही रूपात दोषच, मग तो मायेचा का असेना. आक्का घरी आल्या, कोंडाळ्याजवळ पाट घेऊन बसल्या आणि फळीची कडी नीट लागली आहे ना हे त्यांनी हात लावून पाहिले. त्या दिवसापासून दुपारचा पहारा त्यांचा. हळद्या कुंथला, की त्या णमोकार म्हणत आणि तो पंजावर डोके ठेवून ऐके. त्यांनी पुन्हा फळी काढली नाही.

घटस्थापनेच्या सुमारास आठ आठवड्यांचे चित्र आले. हाड सांधले होते. प्लायवूडच्या फळ्या निघाल्या, बारदाने मात्र तशीच राहिली. दिवाळीपर्यंत वजन ३७ वर आले. गुडघा पूर्ववत झाला असे कोणी म्हणत नाही. थंडीच्या सकाळी हळद्या आखडलेला उठतो, आणि ज्यांचा एक अस्थिबंध असा जातो त्यांतल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसऱ्या पायाचाही पुढे जातो, हे डॉक्टरांनी लपवलेले नाही. म्हणून शनिवारचा काटा चुकत नाही.

वहीपूजनाच्या आधी दिवाणजी हिशेब घेऊन बसले. त्यांनी विचारले, "अण्णा, हळद्याचा खर्च धर्मादाय खात्यात टाकू ना? जीवदयेचाच आहे." अण्णा थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही. धर्मादाय म्हणजे आपण देणे लागत नाही आणि तरी देतो ते. हे आपण लागत होतो. घरखर्चात लिहा."

दिवाणजींनी लिहिले. अण्णांची नजर दारातून बाहेर गेली. मामा हळद्याला घेऊन पायऱ्या उतरत होते, दोघेही आडवे, दोघेही भिंतीच्या बाजूने.

"आणखी एक लिहा," अण्णा म्हणाले. "मामांना उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. तपासणी, औषधे, पुढे शस्त्रक्रिया लागली तर तीही. आणि नव्या हंगामापासून त्यांनी पोते उचलायचे नाही, तोलाराबरोबर काट्यावर बसायचे. पगार आहे तोच."

"हे कोणत्या खात्यात?" दिवाणजींनी विचारले.

"दुकानखर्चात," अण्णा म्हणाले. "तीस वर्षांची बाकी आहे ती."

माघात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले. काट्याशेजारी मामा बसतात, त्यांच्या पायाशी हळद्या. दुपारी घरी परतल्यावर आक्का त्याला हाक मारतात. त्यांच्या हातात आता काकडीची एकच फोड असते, आणि तीही सकाळी वाटीतून वजा केलेली.