नसलेल्या फौजांचा हिशेब

जी वस्तू मुळी अस्तित्वातच नाही, तिची मोजदाद करण्यात एक निराळेच सुख असते. खरी वस्तू मोजताना आपण चुकलो तर ती वस्तूच आपले कान धरते. कल्पित वस्तू मोजताना मात्र आपला विवेक हाच काय तो पहारेकरी. गेली दोनतीन वर्षे हे सुख मी मधूनमधून भोगीत आहे. आणि मी मोजतो त्या वस्तू म्हणजे दूरदूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या, कोणीही कधी न पाहिलेल्या ग्रहांवरील फौजा होत.

हे ऐकून माझ्या स्नेह्यांच्या मुद्रेवर जी काळजी उमटते, ती वाचकांच्या मुद्रेवर उमटण्यापूर्वीच खुलासा केलेला बरा. माझा पुतण्या आणि त्याचे चारपाच मित्र रविवारी दुपारी ‘ट्रॅव्हलर’ नावाचा एक खेळ खेळतात. मार्क मिलर या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला हा खेळ १९७७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने अवकाशात भटकणाऱ्या एखाद्या माणसाचे सोंग घ्यावयाचे, एकाने पंच व्हावयाचे आणि बोलता बोलता सर्वांनी मिळून कथा रचीत जावयाचे. जेथे दैवाचा प्रश्न येईल तेथे फासे टाकावयाचे. हे प्रवासी ज्या ग्रहावर उतरतात त्याची जणू एक कुंडलीच पंचाजवळ असते. बंदराची प्रत, ग्रहाचा आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायद्याचा कडकपणा आणि यंत्रविद्येची पातळी अशी आठ चिन्हे तीत मांडलेली असतात. ग्रहाचे सारे भविष्य एवढ्यावरून वर्तवावयाचे!

परंतु या आठ चिन्हांत फौजेचे चिन्ह नाही. ते पंचाने आपल्या अकलेने ठरवावयाचे. १९८१ साली निघालेल्या एका पुस्तिकेत आरमारापुरता तोडगा दिलेला आहे: दर माणशी दर वर्षी पाचशे नाणी आरमाराकडे जातात असे धरावे आणि सरकारच्या प्रकाराप्रमाणे त्यात कमीजास्त करावे. जमिनीवरच्या फौजेसाठी मात्र पुतण्याला एवढा सोपा तोडगा सापडेना. आणि काका इतिहासाचा प्राध्यापक असल्यामुळे ते कोडे माझ्याकडे आले.

पहिली अडचण लोकसंख्येच्या अंकाचीच. हा अंक म्हणजे एकावर किती शून्ये द्यावयाची याची खूण. सहा म्हणजे दहा लाख किंवा अधिक. नऊ म्हणजे शंभर कोटी किंवा अधिक. सुमारे आठशे कोटींच्या आपल्या साऱ्या पृथ्वीला या खेळात नऊचा अंक मिळेल. आणि एकट्या भारतालाही नऊच मिळेल! एका अंकाच्या पोटात दहापटींचा फरक दडलेला असतो. तेव्हा फौजेचा अंदाज बांधू पाहणाऱ्याने आधी नम्र व्हावे हे उत्तम.

पुतण्याच्या अंगी ही नम्रता नव्हती. वातावरण शून्य आणि लोकसंख्या दहा लाख अशा एका ग्रहाला त्याने पाच लाख फौज बहाल केली होती. मी म्हटले, “अरे, तेथे श्वाससुद्धा यंत्राने घ्यावा लागतो ना? मग राहिलेल्या पाच लाखांतून मुले, म्हातारी माणसे आणि आजारी वजा कर, आणि हवेची यंत्रे कोण चालविणार ते सांग.” तो हिरमुसला. “मग किती धरू, काका?” मी म्हटले, “आजच्या भारताची उभी फौज हजारी सुमारे एक माणूस एवढी आहे. तोच हिशेब धर.” “म्हणजे एक हजार! त्यात कसली आली मजा?”

मजा मोठ्या आकड्यात असते ही समजूत फार जुनी आहे. महाभारतातील अक्षौहिणीचा हिशेब पाहा. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ मिळून एक पत्ती. तिला सात वेळा तिप्पट करावे आणि शेवटी दसपट, की एका अक्षौहिणीत २१,८७० रथ आणि १,०९,३५० पायदळ होते. अशा अठरा अक्षौहिणी कुरुक्षेत्रावर जमल्या. हा गुणाकार निर्दोष आहे. पण त्या हत्तींच्या चाऱ्याचा भागाकार कोणी करीत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या झर्क्सीझ बादशहाची स्वारी बाजारबुणग्यांसह ५२,८३,२२० माणसांची लिहून ठेवली. हान्स डेलब्रुक या जर्मन पंडिताने ती रस्त्यावर ओळीने उभी करून पाहिली, तो तिचे तोंड थर्मापिलीच्या खिंडीपाशी पोचले तरी शेपूट राजधानीतून जेमतेम बाहेर पडत असावयाचे! आणि पानिपत तर आपल्या घरचेच दुःख. १७६१च्या जानेवारीत भाऊसाहेबांच्या छावणीला लढाईस बाहेर पडणे भाग पडले ते रसद तुटून उपासमार झाल्यामुळे. फौजेच्या आकड्यामागे तिला खाऊ घालणारा दुसरा आकडा असतो. तो ढासळला की पहिलाही ढासळतो.

तथापि हजारी एक हा काही वेदमंत्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट संघाने सुमारे साडेतीन कोटी माणसे सैन्यात घेतली; म्हणजे ढोबळ मानाने सहांत एक. त्याच युद्धात हिंदुस्थानचे सैन्य पंचवीस लाखांवर गेले. म्हणजे सुमारे दीडशेत एक. खेळाच्या कुंडलीत या दोन्ही देशांना लोकसंख्येचा अंक एकच, आठ! मग हा फरक आला कोठून? शत्रू एकाच्या अंगणात शिरला होता. दुसऱ्याला १९३९ साली व्हाइसरॉयने लोकप्रतिनिधींना न विचारताच युद्धात गोवले होते. गंमत अशी की खेळात सरकारच्या रकान्यातील सहा या अंकाचा अर्थच मुळी ‘परक्यांच्या सत्तेखालील सरकार’ असा आहे. उलट कोस्टा रिका या चिमुकल्या देशाने १९४८ साली आपली फौजच मोडीत काढली. तेव्हा लोकसंख्येचा अंक फौजेची केवळ कमाल मर्यादा सांगतो. त्या मर्यादेच्या आत खरी फौज किती, हे भय, पैसा आणि लोकांची संमती ही तीन ठरवितात. आणि यांतल्या दोहोंसाठी कुंडलीत घरच नाही.

म्हणून मी मुलांना अलीकडे एक पथ्य सांगतो. फौजेचा आकडा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: यांना जेवू कोण घालतो, यांच्यामागे घरचे काम कोण करतो, आणि हे कोणाला भिऊन उभे आहेत? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आकडा आपोआप खाली येतो आणि ग्रह मात्र भरू लागतो. तेथे शेतकरी दिसू लागतात, यंत्रावरचे कारागीर दिसू लागतात, मुलाला बंदरापर्यंत पोचवायला आलेली आई दिसू लागते. त्या निर्वात ग्रहावरील हजार सैनिकांपैकी चाळीस एका झटापटीत पडले, तेव्हा मुलांनी फासे खाली ठेवले आणि त्यांच्या जागी कोण उभे राहणार यावर पाऊण तास खल केला. पाच लाखांतले चाळीस कोणाच्या लक्षातही आले नसते.

आपल्या वर्तमानपत्रांतून खऱ्या फौजांचे आकडे रोज येतात आणि चहाच्या घोटाबरोबर सहज गळ्याखाली उतरतात. लाख ही संख्या माणसांची आहे हे विसरायला लावण्याची विलक्षण शक्ती शून्यांच्या ठायी असते. नसलेल्या फौजा काळजीने मोजण्याची ज्याला एकदा सवय लागली, त्याला असलेल्या फौजांची शून्ये तितक्या सहजपणे गिळता येत नाहीत. रविवारच्या दुपारी फाशांच्या खेळातून मुले एवढे शिकत असतील, तर त्या दुपारी वाया गेल्या असे निदान मला तरी म्हणवत नाही.