भाड्यासाठी वाजलेला पियानो

जाझ म्हटले की महागडे हॉटेल आणि सूटबूट घातलेली माणसे आम्हां पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येतात. पण या संगीताचा एक मोठा धागा घरभाड्याच्या काळजीतून विणला गेला आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच न्यूयॉर्कची हार्लेम ही वस्ती. पुढे ती दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी भरून गेली. मजुरी कमी, भाडे मात्र जबर. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोरे कामगार कुटुंब खोलीमागे महिना ६.६७ डॉलर देई, हार्लेममधले काळे कुटुंब ९.५०. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून; आकडा दिसला की हात पेन्सिलीकडे जातो. खोलीमागे २.८३ जादा, चार खोल्यांना ११.३२. कातडीच्या रंगाचा हा दंडच!

भाडे थकलेल्या पुष्कळ घरांत आम्ही बसलो आहोत. तारीख जवळ आली की घरातली बाई अबोल होते. हार्लेमच्या बायांनी यावर तोड काढली. शनिवारी रात्री सामान बाजूला सारायचे, मासे तळायचे, पियानोवाला बोलवायचा आणि दारात पंचवीस सेंट घ्यायचे. वरचा दंड फेडायलाच ४६ पाहुणे लागत! दारूबंदीच्या त्या काळात चोरटी दारूही विकली जाई, ते लपवण्यात अर्थ नाही. निमंत्रणाची छोटी कार्डे छापत. त्यांवर 'भाडे' हा शब्द पुष्कळदा नसेच. पत्त्यांच्या डावाला या, असे लिहिलेले असे. गरिबालाही अब्रू असते.

खोलीत बँड मावत नाही, परवडतही नाही. एकट्या पियानोवाल्यानेच सगळा बँड व्हायचे. डाव्या हाताने खर्जाचा सूर आणि स्वरमेळ आलटूनपालटून देत ठेका धरायचा, उजव्याने गाणे खेळवायचे. 'स्ट्राइड' वादनाची ही रीत या घरांत घासूनपुसून निघाली. जेम्स पी. जॉन्सन, विली 'द लायन' स्मिथ, फॅट्स वॉलर एकामागून एक बसत आणि एकमेकांवर मात करू पाहत. तीच तरुण वादकांची शाळा. फी नाही, दाखला नाही. ड्यूक एलिंग्टनने जॉन्सनची 'कॅरोलिना शाउट' आधी यांत्रिक पियानोच्या पट्ट्या पाहून उचलली होती. हार्लेममध्ये आल्यावर ही मंडळी त्याला समोर बसून ऐकता आली. १९२७ च्या डिसेंबरात तो हार्लेममधल्याच कॉटन क्लबात वाजवू लागला. तिथे वाजवणारे काळे, ऐकणारे गोरे. मासे तळणाऱ्या बाईला तिथे खुर्ची नव्हती.

वादकांची नावे इतिहासात आली. बायांची? कवी लँग्स्टन ह्यूजने ती कार्डे आवडीने जमवून ठेवली. त्यांवर यजमानीणबाईंचे नाव आणि पत्ता छापलेला असे.