स्पीड किती येतोय?

नवीन इंटरनेट कनेक्शन घेतलं की वायरवाला मुलगा जाता जाता मोबाईलवर एक गोल काटा फिरवून दाखवतो. काटा सर्रकन शंभरावर जातो, आपण खूश, तोही खूश, सही झाली की मामला संपला. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. "शंभरचं कनेक्शन आहे ना, मग पाचशे एमबीचा पिक्चर पाच सेकंदांत का येत नाही रे?" घरात एक आयटीवाला असला की हा प्रश्न त्यालाच येतो. काका, मामा, आत्या, सगळ्यांकडून.

तर मंडळी, आधी हे एकदाचं मिटवू. कंपनी मोजते मेगाबिटमध्ये आणि आपला कॉम्प्युटर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. 8 बिट म्हणजे 1 बाइट. म्हणजे 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट. पाचशे एमबीला चाळीस सेकंद तरी हवेतच. यात कोणी कोणाला फसवत नाहीये, नुसती मापं वेगळी आहेत. असो.

मला हे सगळं नीट मोजावं लागलं ते बाबांच्या बायपासनंतर. आई-बाबा वाईला, मी पुण्यात. आई एकटीने किती धावणार? तीन महिने तिकडूनच काम करू का, असं मॅनेजरला विचारलं. माणूस भला आहे. म्हणाला, "जरूर जा. पण अमेरिकेचे कॉल रात्री साडेआठनंतर असतात, ते तुटता कामा नयेत. आठवडाभर तिथलं नेट मोज आणि आकडे दाखव." म्हणजे बाबांजवळ राहायला मिळणार की नाही, ते त्या काट्यावर ठरणार होतं!

मग काय, लागलो कामाला. मोजण्याची माझी पद्धत सांगतो, कोणालाही जमेल.

एक, वायफायवर मोजू नका. भिंत, अंतर, शेजाऱ्यांचे राउटर या सगळ्याचा त्यात हिशेब येतो आणि आकडा नक्की कशाचा ते कळत नाही. राउटरपासून कॉम्प्युटरला सरळ वायर जोडा. पण वायर किंवा पोर्ट जुन्या पद्धतीचा असेल तर 300 चं कनेक्शनही 94-95 वरच अडतं, तेवढं बघून घ्या.

दोन, समोरचा सर्व्हर कुठला ते पाहा. ऊक्लाची स्पीडटेस्ट (2006 पासून आहे ती) सहसा जवळचा सर्व्हर निवडते. तो कधी कधी आपल्याच कंपनीचा असतो. म्हणजे घरापासून नाक्यापर्यंतचा रस्ता कसा आहे, तेवढंच कळतं. मी मुद्दाम एकदा मुंबई आणि एकदा सिंगापूर निवडायचो. नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम (2016) त्यांच्याच सर्व्हरवरून मोजतं, तेही बघावं.

तीन, दिवसातून चार वेळा मोजा. फायबरची एक लाइन बऱ्याच घरांत वाटलेली असते. जीपॉन नावाच्या नेहमीच्या पद्धतीत खाली येणारे सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर जाणारे 1.25 गिगाबिट 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. सकाळी सातला सगळा रस्ता मोकळा, रात्री नऊला जत्रा.

आणि चार, एकदा घरातलं बाकी सगळं बंद करून मोजा, आणि एकदा घर जसं चालतं तसंच ठेवून. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा आपल्या घराचा.

आमची लाइन खाली 100, वर 20 अशी. सकाळी 94 आणि 19 यायचे, पिंग 9 मिलिसेकंद. एकदम झकास. आणि रात्री नऊला? डाउनलोड 60, ते ठीकच होतं. पण अपलोड 2 आणि पिंग 400 च्या वर! एवढ्या पिंगवर समोरचा बोलून संपतो आणि मग आपलं "हॅलो" पोचतं. खंबाटकी घाटात पुढे एक ट्रक रांगत असला की मागच्या गाडीचं इंजिन कितीही भारी असो, उपयोग काय? वर जाणारी वाट तुंबली की नेमकं तेच होतं. गंमत म्हणजे डाउनलोडलाही त्याचा फटका बसतो, कारण आलेल्या माहितीची पोच वरच्याच वाटेने परत जाते.

चौथ्या रात्री राउटरची यादी उघडली. अकरा डिव्हाइस जोडलेली! घरात माणसं तीन. मग डोक्यात प्रकाश पडला. बाबांना भेटायला संध्याकाळी येणारी मंडळी! चहा यायच्या आधी "वायफायचा पासवर्ड काय रे?" होतंच. एकदा जोडलेला फोन पुढच्या वेळी आपोआप जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ गुपचूप वर चढवायला लागतो. सात-आठ फोन एकदम, आणि आमची वरची वाट 20 ची!

पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? आईने तर मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं, त्याला वर 5 ची मर्यादा घातली आणि जुना पासवर्ड बदलला. दुसऱ्या रात्री तितकीच माणसं, तितकाच चहा.. अपलोड 13, पिंग 18. एका व्हिडिओ कॉलला चारेक एमबीपीएस भरपूर होतात. मॅनेजरने शीट उघडून फक्त सगळ्यात वाईट रात्रीचा आकडा विचारला, आणि "जा" म्हणाला.

आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या 2004 मध्ये 256 केबीपीएस होती, 2013 मध्ये 512 झाली, 2023 मध्ये 2 एमबीपीएस. तिन्ही वेळा आकडा डाउनलोडचाच. जाहिरातीतही तोच ठळक असतो. पिक्चर बघणाऱ्या घराला तो पुरतो. पण आता घरातून ऑफिस चालतं, मुलांचे क्लास चालतात, डॉक्टरांना रिपोर्ट जातात. त्या घराने अपलोड आणि पिंग विचारूनच कनेक्शन घ्यावं.

आज शनिवार आहे, वेळ असेल तर मोजून बघा. सकाळी नको, रात्री नऊला. आणि पाहुणे आलेले असताना :)